कोतवालाचं घरटं

भोसरीत भाड्याच्या खोलीत राहत होतो तेव्हा जिन्याला लागून एक कडुनिंब होता. वरच्या फांदीवर कोतवाल पक्ष्याचं घरटं होतं आणि खालच्या फांद्यांवर होला पक्ष्यांची दोन घरटी. मी कंपनीतून परतलो की कोतवाल झेप घेऊन माझ्या डोक्यावर चोच मारायचा.

तळमजल्यावरच्या म्हाताऱ्या घरमालकीणबाई म्हणाल्या, "थोडं दिस सोसा. त्यो हाय म्हून कावळा या झाडाकडं फिरकत न्हाई."

मी हसलो. रविवारी दुपारी त्या बाजारात गेल्यावर मी बांबूने ते घरटं पाडलं. दोन अंडी पायरीवर फुटली. मी पायरी धुऊन टाकली.

त्यानंतर कोतवालाची जोडी समोरच्या तारेवर नुसती बसून राहू लागली. तिसऱ्या दिवशी सकाळी कावळे आले. होल्यांची पिल्लं अजून उडण्याजोगी नव्हती. मी ओरडलो, चप्पल फेकली. कावळे जरा बाजूला सरकले आणि पुन्हा आले. कोतवाल तारेवरून हलले नाहीत. थोड्याच वेळात दोन्ही घरटी रिकामी झाली.

बाई दारात उभ्या होत्या. "कोतवालाचं घरटं तुमी पाडलं व्हय?"

"वाऱ्याने पडलं असेल," मी म्हणालो.

खोली सोडताना त्यांना खरं सांगायचं ठरवलं होतं. त्यांनी वाटेसाठी भाकरी बांधून दिली आणि ती पिशवीत टाकून मी न सांगताच निघालो. आता मी निगडीत सातव्या मजल्यावर राहतो. तरी सकाळी कावळ्यांचा गलका ऐकू आला की हातातलं काम टाकून खिडकीशी धावतो, आणि बाहेर काहीच नसतं.