प्लग काढलेला हीटर

भुताखेताच्या गोष्टी सांगत बसणाऱ्या गिऱ्हाइकाला मी कधी चहासुद्धा विचारत नाही. भालकीत आमचं इलेक्ट्रिकलचं दुकान आहे. वस्तू चालते किंवा बिघडलेली असते, तिसरं काही नसतं, असंच मी आजवर धरून चालले. त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय...

खटकचिंचोळीजवळ आमच्या शेतात घराचं बांधकाम चालू आहे. तोवर राहायला नवऱ्याने हैदराबादहून जुनी कॅराव्हॅन आणली. आत दोन बाकं, छोटा ओटा आणि भिंतीत बसवलेला विजेचा हीटर. सासूबाईंना – आम्ही सगळे त्यांना अव्वा म्हणतो – दमा आहे. थंडी अजिबात सोसत नाही. हीटर होता तोवर निभावलं. मग तो बंद पडला. अव्वा रात्रभर बसून धापा टाकत होत्या आणि मी त्यांची पाठ शेकत होते. असं दोन-तीन रात्री चाललं.

शेवटी नवरा म्हणाला, "आज झाला तर बरं, न्हाई तर अव्वाला बसवकल्याणला अक्काकडं सोडतो."

अव्वा उसळल्या. "कामून? लेकीच्या दारात पडून राहू व्हय? मग ह्यांना कोण बघल?"

'ह्यांना' म्हणजे माझ्या सासऱ्यांना. आम्हा लिंगायतांत पुरतात, तेही बहुतेक आपल्याच शेतात. अप्पांची समाधी कॅराव्हॅनपासून हाकेवर आहे. अव्वा रोज तिथे विभूती लावतात, नैवेद्य ठेवतात, वर भांडूनही येतात.

डोळे चुरचुरत होते, तरी दिवसभर त्या हीटरला भिडले. बोर्डात करंट होता. फ्यूज शाबूत. वायर उंदराने कुरतडली असेल म्हणून बदलली... काही नाही. थर्मोस्टॅट वगळून थेट जोडून पाहिलं. गारच. शेवटी मीटर लावला – कॉइल तुटलेली. असली कॉइल हैदराबादहूनच मागवावी लागते. प्लग काढून ठेवला आणि अव्वांची पिशवी भरली.

आमच्याकडे परगावी मुक्कामाला जाताना समाधीला सांगून जातात. ऊन उतरताना अव्वांना हात धरून नेलं.

"ऐकायलाव का? तुमच्या पोरानं डबा आणलाय, त्यो बी गार पडलाय. मला जावं लागायलंय. तुम्ही बसा निवांत. तुम्हाला ना थंडी, ना दमा!"

नवरा जीप चालू करून हॉर्न वाजवत होता. शाल घ्यायला अव्वा कॅराव्हॅनमध्ये चढल्या आणि आतूनच ओरडल्या, "अगं, झाला की चालू!"

"अव्वा, प्लग काढलाय मी. कसला चालू?"

"मग ह्ये काय? हात लावून बघ."

हीटरच्या जाळीला हात लावला... चटका बसला. प्लग ओट्यावर, मी ठेवला तिथेच. उन्हाने तापली म्हणावं, तर बाजूचा पत्रा गार. पुन्हा मीटर लावला. कॉइल तुटलेलीच. नवरा आत आला, जाळीला हात लावला, प्लगकडे पाहिलं – आणि जाऊन जीप बंद केली. अव्वांनी चपला काढल्या.

नवीन कॉइल येईपर्यंत तो हीटर तसाच, प्लगशिवाय, ऊब देत राहिला. आता विजेवर चालतो. जुनी कॉइल मी दुकानात पुन्हा पुन्हा तपासली. तुटलेलीच आहे. अव्वांना विचारलं, तर म्हणाल्या, "तुला झोप लागली न्हवं? मग गप की."

लागली होती. त्या रात्रींनंतर पहिल्यांदाच.