हरभऱ्याखालचा धोंडा

देव मी मानत होतो, पण घरापुरता. मोटारीत बसलो की माझा सगळा भरवसा माझ्या दोन हातांवर. बेंबळीच्या वकीलसाहेबांकडं मी पंधरा वर्षं ड्रायव्हर होतो. निजामाचं राज्य गेलं, हैदराबादेतून आम्ही मुंबई राज्यात आलो, पण साहेबांची मोटार तीच राहिली आणि ड्रायव्हरही मीच. या गाडीतला एकेक नट मला नावानं ओळखतो, असं मी चारचौघांत छाती काढून सांगायचो. त्या छातीचं काय झालं, तेच सांगायला बसलोय.

माझी एकुलती एक लेक मालन त्या वर्षी मॅट्रिकला बसली होती. आमच्या गावातून मॅट्रिकला बसलेली ती पहिलीच मुलगी. घरचा कारभार माझ्या थोरल्या भावाकडं होता. भाऊंचा शब्द आमच्यात कुणी मोडत नसे. त्यांनी तिला शिकू दिलं, पण एका अटीवर. पहिल्या फटक्यात पास झाली तर मास्तरणीच्या ट्रेनिंगला पाठवायची, नाहीतर त्याच वर्षी लग्न. स्थळही बघून ठेवलेलं होतं. परीक्षेचं केंद्र धाराशिवला, तेव्हा आम्ही उस्मानाबादच म्हणायचो. मालन रोज सकाळच्या बसनं जाऊन पेपर देऊन यायची. शेवटचा तेवढा गणिताचा राहिला होता आणि नेमका त्याचाच तिला धसका होता.

त्या दिवशी बस आलीच नाही. वकीलसाहेबांना कुठून कळलं कोण जाणे, त्यांनी न मागता गाडीची किल्ली माझ्या हातावर ठेवली. निघताना मालनच्या आईनं येरमाळ्याच्या येडाईचा भंडारा पोरीच्या कपाळाला लावला, मग गाडीच्या बॉनेटलाही लावला.

"अवो, तुमी बी जरा हात जोडा की," ती म्हणाली.

"टाकी म्या सोता काठोकाठ भरलीया, चाकात हवा हाय," मी म्हणालो. "येडाईला कशाला तरास देतीस?"

तिनं माझ्याही वाटचे हात जोडले. 

त्या दिवसांत हरभऱ्याची काढणी चालू होती. सडक नवीच डांबरी झालेली, आणि शेतकऱ्यांना ती म्हणजे घरबसल्या मिळालेलं खळं वाटायचं. वाळलेला हरभरा सडकेवर पसरून ठेवायचे, म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली आपोआप मळला जाई. आम्ही ड्रायव्हर लोकही हौसेनं त्यावरून गाडी घालायचो. बाया हात वर करून दुवा द्यायच्या, आपल्यालाही बरं वाटायचं. त्या सकाळी समोर असाच जाडसर थर दिसला आणि मी ऐटीत गाडी मधोमध घातली. रात्री वाऱ्यानं उडू नये म्हणून कुणीतरी त्यावर धोंडा ठेवलेला. सकाळी पसरताना तो काढायचा राहिला आणि हरभऱ्याखाली गेला. गाडीखालून खणकन आवाज आला. मी थांबलोसुद्धा नाही. दोन-तीन फर्लांग गेलो असेन, गाडीनं दोन आचके दिले आणि ती गप्प झाली.

स्टार्टर मारला, इंजिन नुसतंच फिरलं. पुढं जाऊन हँडल मारलं, तेच. मी बॉनेट उघडलं. धोंड्याच्या दणक्यानं एखादी वायर ढिली झाली असणार, दुसरं काय? सगळ्या वायरी आवळल्या. प्लग काढून पुसले. ठिणगी बघितली, ठिणगी झकास पडत होती. तरी माझं डोकं ठिणगीपाशीच अडकलेलं. पॉइंट घासले, परत लावले, परत काढले. ऊन चढत चाललं. एक बैलगाडी आली, पण तिनं जायचं म्हणजे पेपर सुटायच्या वेळेला पोचायचं.

मालन खाली उतरून माझ्यामागं उभी होती. "आबा, धोंडा लागला तवा माझ्या पायाखाली दणका बसला. डाव्या अंगाला."

"तू पुस्तक बघ," मी म्हणालो.

थोड्या वेळानं ती परत तेच म्हणाली. मी खेकसलो, "मोटार तू चालवतीस का मी?" ती बांधावर जाऊन बसली. पुस्तक उघडं होतं, पण पान काही उलटत नव्हतं. जिच्या शिक्षणासाठी हा सगळा आटापिटा, तिचंच मी ऐकून घेत नव्हतो, हे मला त्या वेळी कळलंही नाही. आज लिहितानाही लाज वाटते.

शेवटी हात थांबले. करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मी मडगार्डला टेकून बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा मनापासून म्हणालो, आई, माझ्यानं होत नाही गं. एवढंच. नवस नाही, काही नाही.

तेवढ्यात सायकल हातात धरून एक म्हातारा कल्हईवाला समोरून चालत आला. पांढरी दाढी, सायकलीच्या मागं भाता बांधलेला, पुढं कोळशाचं पोतं. पोरीचा चेहरा बघून तो थांबला असावा, कारण मला काही न विचारता तो आधी तिच्यापाशी गेला. "क्या हुवा बेटी?" तिनं सगळं सांगितलं. धोंडा, पायाखालचा दणका, डावी बाजू, सगळं. त्या चाचांनी सायकल आडवी टाकली आणि सरळ गाडीखाली शिरले. जरा वेळानं आतूनच आवाज आला.

"डायव्हरसाब, मोटारीतलं मला कायबी कळत न्हाय. पर ही तांब्याची नळी हाय न्हवं? ही चपटी झालीया."

मी खाली वाकलो. मागच्या टाकीतून इंजिनाकडं पेट्रोल नेणारी नळी धोंड्यानं पार चेपली होती. धावत जाऊन कार्बोरेटर उघडला. आत थेंब नव्हता. धोंडा लागल्यावर गाडी जी थोडी पुढं आली ती कार्बोरेटरात शिल्लक होतं तेवढ्यावर. टाकी मी स्वतः भरली होती, म्हणून पेट्रोलचा संशय मला शिवलाच नव्हता.

नळी मी सोडवून दिली, पेट्रोल सांडू नये म्हणून टाकीकडच्या तोंडात लाकडाची खुंटी ठोकली. पण ती चपटी नळी सरळ कशी करायची? मी पक्कड घेतली तर चाचांनी माझा हात धरला. "नक्को साब, फुटंल. तांबं माझ्याकडं द्या." पंधरा वर्षांत साहेबांच्या गाडीचा एक स्क्रूही मी दुसऱ्याच्या हातात दिला नव्हता. ती नळी मी त्यांना देऊन टाकली.

गाडीपासून लांब, वाऱ्याच्या उलट्या अंगाला त्यांनी खड्डा उकरून कोळसा पेटवला. नळी आतून दोन-तीनदा पाण्यानं धुतली, फुंकून कोरडी केली. मला म्हणाले, "तुमच्या अंगाला पेट्रोल हाय, तुमी तिकडंच ऱ्हावा. बेटी, भाता मार." आणि माझी मालन, जिला तासाभरात गणित सोडवायचं होतं, पदर खोचून भाता मारायला बसली. तांबं लालभडक झालं की चाचा ते पाण्यात बुडवायचे. तांबं असं मऊ पडतं, हे मला त्या दिवशी कळलं. मग लाकडी मोगरीनं कडेकडेनं हलक्या हातानं ठोकायचे, नळी फिरवायचे, तोंड लावून फुंकायचे. एका जागी केसाएवढी चीर निघाली. तिच्यावर नवसागर चोळून त्यांनी कथलाचा हात फिरवला. शेवटी नळीच्या एका टोकाशी फुंकून दुसरं टोक मालनच्या गालापाशी धरलं.

"हवा लागती का?"

"व्हय चाचा, लागती!" ती हसली. सकाळपासून पहिल्यांदा.

नळी बसवली. हँडल मारून मारून माझे खांदे भरून आले, आणि मग गाडी घुरघुरली. त्या आवाजाइतकं गोड मी दुसरं काही ऐकलेलं नाही. आमचं भाकरीचं गाठोडं मी चाचांच्या हातात कोंबलं. ते म्हणाले, "जाव, जाव, अल्ला भला करेगा," आणि विस्तवावर माती लोटू लागले.

केंद्रावर पोचलो तेव्हा पेपर सुरू होऊन गेला होता. दारातल्या मास्तरांनी घड्याळ बघितलं. अर्ध्या तासाच्या आत आलेल्यांना बसू देत असत. मग त्यांनी मालनकडं बघितलं. नाकाला, गालाला, दोन्ही हातांना काजळी.

"आधी तोंड धुऊन ये," ते म्हणाले.

"सर, मागनं धुते," मालन म्हणाली आणि आत गेली.

ती पास झाली. गणितात अगदी काठावर, पण पास झाली. भाऊंनी स्थळाला नकार कळवला आणि ट्रेनिंगला जायच्या दिवशी तिची ट्रंक स्वतः डोक्यावर घेऊन बसपर्यंत आले.  आजही तो दिवस आठवला की पोट भरल्यासारखं वाटतं.

दिवाळीच्या आधी चाचा बेंबळीला कल्हई करायला आले. मालनच्या आईनं त्यांना जेवल्याशिवाय सोडलं नाही. जेवताना मी विचारलं, "चाचा, त्या दिवशी तुमी त्या वाटंला कसं काय?"

"पुढच्या गावाला निघालो व्हतो," ते म्हणाले. "येशीपाशीच कळलं, गावात कुणाची तरी मयत झाली. असल्या दिवशी कोण भांडी देतंय? माघारी फिरलो."

मी हातातला घास ताटात ठेवला. माझ्या घरचा सण कुणाच्या तरी घरच्या दुःखावरून चालत आला होता. चाचांना येडाईनं पाठवलं का, हे मला कुणी विचारलं तर मी वाद घालत नाही. मला तेवढं कळत नाही. एवढं मात्र खरं की माझे हात चालू होते तोवर मला पोरीचाही आवाज ऐकू येत नव्हता. हात थांबले, आणि वाट चुकल्यासारखा आलेला माणूस माझा झाला.

त्या वर्षी आम्ही तिघं येरमाळ्याला गेलो. देवीसमोर उभा राहिलो की माझ्याजवळ नेहमी मागण्यांची रांग असायची. त्या दिवशी एकही आठवली नाही. मालनच्या आईनं नारळ वाढवला, मालननं खणानारळाची ओटी भरली. मी डोळे मिटले आणि पुढच्या गावात त्या दिवशी गेलेल्या माणसासाठी हात जोडले. त्याचं नाव मला ठाऊक नव्हतं. म्हणून नुसतं म्हणालो, आई, त्याला जवळ घे.