काकूंचा व्हिसा आणि बाळंतशेपा

"सहाच महिन्यांचा मिळतो काकू, त्याच्यावर न्हाई," एजंट दुसऱ्यांदा म्हणाला. दौंडच्या त्याच्या छोट्या ऑफिसात आमच्या शेजारच्या काकू खुर्चीच्या कडेला बसल्या होत्या. मांडीवर लेकीसाठी घेतलेल्या बाळंतशेपांची पिशवी होती आणि सगळ्या खोलीला तोच वास येत होता. लेक कॅनडात. पहिल्या बाळंतपणाला काकू गेल्या, पण नातू रांगायला लागला आणि त्यांना परतावं लागलं. आता दुसरं बाळ येणार होतं. "म्हंजी ह्याला बी चालताना फोनवरच बघायचं," त्या म्हणाल्या. इंग्रजी शाळेत शिकलेली म्हणून त्यांनी मला सोबत आणलं होतं, पण मी आल्यापासून एक शब्द बोलले नव्हते. नुसतं मोबाईलवर कॅनडा सरकारच्या वेबसाइटचं पान वाचत होते आणि एका ओळीवर अडकले होते. एजंट हसला. "ताई झोपल्या काय?" काकू म्हणाल्या, "पोरगी वाचतीया. आपल्याला कुठं गाडी गाठायचीय?" आणि पिशवीवर हात ठेवून त्या खरंच थांबल्या. मी बोलावं म्हणून आजवर पुष्कळांनी टोचलं होतं. असं निवांत कुणी थांबलं नव्हतं. बाळंतशेपांचा वास आला की अजूनही मला त्यांचा तो हात आठवतो आणि मनातल्या मनात मी त्यांचे आभार मानते. त्या दिवशी मी ती ओळ पुन्हा एकदा वाचली आणि म्हणाले, "काकू, आईवडिलांसाठी वेगळा व्हिसा आहे, एका वेळी पाच वर्षं राहता येतं. कागद जास्त लागतात, पण मी भरते."