चाळिसावी बोट

आमच्या यांच्याशी संसार म्हणजे डोक्याला ताप, हे मी लग्नानंतर महिन्याभरातच ओळखलं होतं. हे नदीवरच्या सार्वजनिक उताराचे राखणदार. लोक गाडीला जोडून बोटी आणतात आणि सिमेंटच्या उतारावरून मागे मागे घेत पाण्यात सोडतात. तिथे हे शिट्टी घेऊन उभे. तळाचं बूच लावलंय का? माणशी एक जॅकेट आहे का? नसेल तर बोट परत, मग समोर कुणी का असेना. सत्तावीस वर्षांत नदीनं इथून एकही माणूस नेला नाही, हे खरं. पण सत्तावीस वर्षांत आमच्याकडे हौसेनं जेवायला कुणी आलं नाही, हेही खरं.

या उतारावर शेजारच्या बोट क्लबचा डोळा. यांच्या कार्यालयानं कळवलं, येत्या रविवारी दिवसभरात चाळीस बोटी उतरल्या तर उतार लोकांचा, नाहीतर क्लबचा. म्हणजे लोकांना फाटक बंद, यांची नोकरी गेली आणि नोकरीबरोबर मिळालेल्या आमच्या दोन खोल्याही.

आठवडाभर फोन करकरून मी माणसं गोळा केली. धाकट्या भावाच्या तर हातापाया पडले. त्याला बोट बाहेर काढायचा भारी कंटाळा, पण आला बिचारा, पाच वर्षांच्या नातीला घेऊन. तोवर एकोणचाळीस उतरल्या होत्या, ऊन कललं होतं आणि त्याच्या मागे एकही गाडी नव्हती.

"पोरीचं जॅकेट?" यांनी विचारलं.

"दाजी, इथल्या इथे एक फेरी. मांडीवर बसेल ती माझ्या."

"जॅकेट?"

मी धावत जाऊन खोलीतलं जादा जॅकेट आणलं, पोरीला घातलं. यांनी ते खांद्याशी धरून वर उचललं, तर जॅकेट यांच्या हातात आणि पोर खाली उभी.

"हिला आत्याआजीपाशी ठेव आणि तू जाऊन ये."

"आणि तिला रडवू? राहू दे तुमची नदी तुम्हालाच!" भाऊ भडकला, गाडी वळवून निघून गेला.

"अहो, आजचा एक दिवस!" मी कपाळावर हात मारून घेतला. "घर जातंय आपलं, कळतंय का?"

"कळतंय गं," हे म्हणाले.

मोजणीला आलेला कारकून जेवणानंतर छत्रीखाली पेंगला होता. बंद करायच्या वेळी दचकून उठला.

"झाल्या ना चाळीस?"

"एकोणचाळीस," हे म्हणाले.

"अहो, एकानं काय बिघडतंय? लिहितो चाळीस."

"एकोणचाळीस."

माणूस चांगला होता हो. हात टेकले त्यानं आणि माझ्याकडे वळला. "वहिनी, तुम्ही सांगाल तो आकडा लिहितो."

मी चाळीस म्हणायला तोंड उघडलं. खरंच उघडलं. यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, जणू मी काय सांगणार ते ठाऊकच होतं. इतका संताप आला म्हणून सांगू! पण त्या जॅकेटमधून अलगद निसटलेली पोर काही डोळ्यांपुढून हलेना.

"उतरल्या एकोणचाळीस," मी म्हणाले. "एक परत पाठवली. पोरीला मापाचं जॅकेट नव्हतं. तेही लिहा."

त्यानं लिहिलं. महिन्याभरात फाटकाला कुलूप लागलं. खोल्या रिकाम्या करताना सगळा राग यांच्यावर काढावा म्हटलं, तर मेली तेवढीही सोय उरली नव्हती.