घर म्हणू की गाडी

दादा गेल्याचं मला खानसाहेबांनी कळवलं. शारजाच्या औद्योगिक भागात त्यांचं ट्रक दुरुस्तीचं गॅरेज आहे आणि माझा मोठा भाऊ तिथे फोरमन होता. मी नुकतीच ऑफिसात पोहोचले होते. "बहनजी, भाई आज काम पे नहीं आया. दरवाज़ा खोला तो... आप बस आ जाओ." कामावर यायला दादाला फक्त गॅरेजचं अंगण ओलांडावं लागे, कारण मागच्या भिंतीला लावलेल्या कॅरॅव्हॅनमध्येच तो राहायचा. झोपेतच गेला होता. पुढची धावपळ मी आणि माझ्या नवऱ्याने केली. एका सरकारी खिडकीवरच्या माणसाने दादाचा राहण्याचा पत्ता विचारला तेव्हा मात्र मी अडखळले, मग पोस्ट बॉक्सचा नंबर सांगितला. इथे सगळ्यांचा पत्ता पोस्ट बॉक्सच असतो, त्यामुळे त्याला काहीच वावगं वाटलं नाही.

मला मात्र त्याचं तसं राहणं कायमच वावगं वाटत आलं. दादा नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सांगलीहून आला. वहिनी तिथल्या शाळेत गणित शिकवायची, ती मागे राहिली. दादा आधी चार जणांत खोली करून राहिला. मग मायदेशी परतणाऱ्या कुणा इंग्रज इंजिनियरने वाळवंटात फिरवून खिळखिळी केलेली कॅरॅव्हॅन गॅरेजात सोडून दिली. दादा दर शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, तिच्यावर काम करू लागला. आम्हाला वाटलं, विकणार असेल. तर हा आपली बॅग घेऊन आतच राहायला गेला! खानसाहेबांनी विजेची वायर ओढून दिली, एसी बसला. थंडीत सुट्टी आली की पिकअपला जोडून तो ती उम्म अल कुवैनच्या किनाऱ्यावर न्यायचा. माझी मुलगी फोनवर विचारायची, "मामा, व्हेअर इज युअर हाउस टुडे?" तो म्हणायचा, "आज समुद्राकडे पाठ करून बसलंय, रुसलंय."

मी त्याच्याशी भांडले. "दादा, भाडेकरार नसेल तर फॅमिली व्हिसा मिळत नाही, माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"मग वहिनीचं काय?"

"तिला गाडी लागते."

मी ठरवलं, निदान वास्तुशांत तरी करू. पौरोहित्य जाणणारे एक गृहस्थ होते, आठवडाभर अकाउंट्स बघायचे आणि शुक्रवारी पूजा सांगायचे. वास्तुशांतीला जोडीने बसावं लागतं, म्हणून वहिनीला व्हिजिट व्हिसावर बोलवायचं मी परस्पर योजलं. ते कळताच दादा एकदम म्हणाला, "चाकं दिसत नाहीत का तुला? गाडी आहे ही. गाडीची पूजा कर." गुरुजी गोंधळले, मीही. शेवटी चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. हार घालायला बॉनेटच नव्हतं, म्हणून तो दाराला अडकवला. गाडीच्या पूजेला एकटा माणूस चालतो.

कॅरॅव्हॅनच्या आधी इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत प्रत्येकजण त्याला विचारायचा, "काय हो, वहिनींना कधी आणताय?" आता विचारणं बंद झालं. "हा गाडीत राहतो, कोण बाई येईल?" असं म्हणून लोक हसायचे आणि दादाही त्यांच्यात हसायचा. सांगलीतही वहिनीची सगळ्यांना कीव यायची.

दिवसकार्य झाल्यावर सांगलीच्या घरी मी आणि वहिनी भांडी आवरत होतो. ती म्हणाली, "मला तिकडे यायचंच नव्हतं गं. शाळा सोडायची नव्हती. तुझी आई, शेजारीपाजारी, सगळे माझ्याच मागे... नवऱ्याजवळ जात का नाहीस. मग एकदा हे म्हणाले, थांब, मी अशा ठिकाणी राहतो की तुला कुणी जा म्हणणारच नाही." थोडा वेळ ती एकच पातेलं पुसत राहिली. "लोकांना सांग आता. त्यांना विक्षिप्त म्हणतात ते मला नको. पण मला एक सांग... त्यांना आवडायचं ना तिथे? की सगळं माझ्यासाठीच?"

मी म्हटलं, "जाऊन बघून सांगते." जणू काही गॅस बंद आहे की नाही ते बघायचं होतं.

परत आल्यावर शुक्रवारी किल्ली घेतली आणि आत गेले. खिडक्यांना निगुतीने बसवलेली जाळी, गळ आणि दोरा, पलंगाखाली शंखांचा डबा. म्हणजे आवडत होतं. स्वयंपाकाचा ओटा त्याने स्वतःच्या उंचीला करून घेतला होता. दादा सहा फुटी, मला तो ओटा जवळजवळ छातीला लागला. मला हायसं वाटलं. एकट्यासाठीच बांधलंय, स्वतःच्या मर्जीने बांधलंय! मग सिलिंडरची चावी बघायला वाकले, तर खाली एक मूठ दिसली. ओढली तर रुळांवरून लाकडी पायरी बाहेर आली. आम्ही जायचो तेव्हा तो खुर्च्या बाहेर मांडायचा आणि खिडकीतून ताटल्या द्यायचा, त्यामुळे ती कधी दिसली नव्हती. मी तिच्यावर उभी राहिले. ओटा बरोबर कमरेला आला. वहिनी माझ्याच उंचीची आहे. पायरीचा रंग कुठेही घासलेला नव्हता.

आता यातलं खरं काय धरायचं? तो तिला येऊ नकोस म्हणत होता की वाट बघत होता? की दोन्ही... मला खरंच कळत नाही. वहिनीला फोन केला. "आवडायचं त्याला." "नक्की?" "नक्की." हे खोटं नाही. पायरीचं मात्र फोनवर बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे. वहिनी हे वाचेल आणि काय समजायचं ते समजेल.

खानसाहेब विचारतात, "गाड़ी का क्या करना है?" मी इन्शाल्ला म्हणते आणि शुक्रवारी जाऊन पायरीवर उभी राहून चहा करते. शारजाच्या धुळीत असले रूळ महिनाभरात अडकतात. पहिल्या दिवशी ती पायरी अलगद, आवाज न करता बाहेर आली होती. गेल्या शुक्रवारी जरा करकरली. मी गॅरेजातून तेलाचा डबा मागून आणला.