सारवलेली खोली

खोलीचं दार उघडलं आणि मी किंचाळलेच. सगळी भुई ओल्या शेणानं सारवलेली! ह्यांनी अंथरलेलं प्लास्टिक गुंडाळून कोपऱ्यात, आणि मधोमध आमच्या सासूबाई. हात कोपरापर्यंत माखलेले, चेहऱ्यावर समाधान.

"गावात रोगराई आलीया. म्हनलं, पोरीची खोली शुद्ध करावी."

"आत्या, अहो मारताय का मला!"

सासूला असं बोलायची आमच्या वडिवळ्यात रीत नाही. पण माझं डोकंच फिरलं होतं, कारण त्या खोलीवर माझा जीव अवलंबून होता. किडन्या गेल्यावर मी पुण्याला मशीनवर जायचे. कोरोना आला, गाड्या बंद झाल्या, तेव्हा डॉक्टरांनी पोटात नळी बसवून घरीच डायलिसिस करायला शिकवलं. पिशवीतलं औषधी पाणी पोटात सोडायचं, काही तासांनी रक्तातली घाण घेऊन ते बाहेर काढायचं, पुन्हा नवं भरायचं. असं दिवसातून चारदा. सिस्टरनी बजावलं होतं, नळी उघडताना धूळ नको, वारा नको, शेण-माती तर लांबच. जंतू आत गेला की पाणी गढूळ येणार, ताप चढणार, आणि मग कोरोनाच्या पेशंटांनी भरलेल्या दवाखान्यात भरती. तिथून मी परत येईन असं मला वाटत नव्हतं. खरं सांगते, लय भ्याले होते मी.

पण रडत बसायला वेळ कुठं होता? दुपारची पिशवी लावायची होती. बाहेरच्या खोलीत भाताची पोती, स्वयंपाकघरात चूल. अंगणात ह्यांची व्हॅन दिसली. हे लोणावळ्यात पर्यटकांना पॉइंट दाखवायचे. धंदा बसल्यापासून ती नुसती उभी होती.

"तिच्यात करते," मी म्हणाले.

"येडी का खुळी तू?" असं म्हणता म्हणता हे बादली घेऊन निघालेसुद्धा. व्हॅन आतून साबणानं, मग जंतुनाशकानं पुसून काढली. काचा लावल्या. भरलेली पिशवी वरच्या कडीला टांगली, रिकामी खाली ठेवली. मी मास्क लावला, हात घासून धुतले आणि नळी जोडली. आत नुसती भट्टी! घाम डोळ्यांत उतरत होता, पण हात हलू दिला नाही. बाहेर आत्या काठी घेऊन कोंबड्या हाकत होत्या. मला बघायला आलेल्या शेजारणीलाही त्यांनी त्याच काठीनं वाटेला लावलं.

व्हॅनमधलं निभलं की नाही, ते लगेच कळणार नव्हतं. पुढचे काही दिवस प्रत्येक पिशवी तिथंच लावली आणि निघालेलं पाणी दर वेळी निरखून बघितलं. एका संध्याकाळी पाण्याची पिशवी मी व्हॅनच्या दारात उजेडात धरली. मागं छापील कागद धरायचा, अक्षरं स्पष्ट दिसली की पाणी स्वच्छ, असं सिस्टरनी शिकवलेलं. कागद सापडेना. तेवढ्यात आत्यांनी आपला हात पिशवीमागं धरला. घासून घासून लाल झालेला. मनगटावर तुळशीचं गोंदण.

"दिसतीया का गं तुळस?"

पान न् पान दिसत होतं.

"दिसतीया, आत्या."

त्या मटकन पायरीवर बसल्या, पदर तोंडाला लावला. "माझ्या हातानं गेली असतीस गं पोरी."

"गेले न्हाई ना? उठा, हात धुवा. रात्रीची पिशवी लावायचीय."