साठ म्हणजे साठ

बायको म्हणते, "रोज जेवायला बसून ओरडण्यापेक्षा एकदाचं लिहून काढ. निदान मला तरी चार घास सुखाने खाऊ दे."

तर लिहितो. नेरूळमध्ये एक प्रोफेशनल रग्बी टीम आहे, तिचा मी स्ट्रेंग्थ कोच. खेळ शिकवणारा कोच वेगळा. पोरांची ताकद आणि दम वाढवायचा, एवढंच माझं काम. दम किती वाढला ते देव जाणे, माझं बीपी मात्र नक्की वाढलंय. आणि किस्से म्हणाल तर ते गोळा करावे लागत नाहीत. सकाळी साडेसहाला शिट्टी वाजवायची, सात वाजेपर्यंत एक तयार असतो!

*

आधी आमच्या मोरे मामांबद्दल. मामा मैदान सांभाळतात. गवत कापणं, रेषा मारणं, सामान ठेवणं, सगळं त्यांच्याकडे. मी मोजमापाच्या बाबतीत फार कडक माणूस. पहिल्याच दिवशी मामांना कापडी टेप दिली आणि सांगितलं, "मामा, वीस मीटर म्हणजे वीस, साठ म्हणजे साठ. एक बोट इकडेतिकडे चालणार नाही."

पावसाळ्यात एक दिवस येऊन बघतो तर गोलपोस्टच्या दोन खांबांना माझी टेप घट्ट बांधलेली, आणि तिच्यावर पंधरा ओल्या जर्सी वाळत टाकलेल्या! एकेक जर्सी पिळली तर बादली भरेल अशी, टेप वजनाने ताणून खाली लोंबलेली.

"मामा! अहो ती मोजायची टेप आहे!"

"हो ना सर," मामा शांतपणे म्हणाले, "म्हणूनच तर बरोब्बर पंधरा मावल्या."

आठवड्याभराने पुन्हा तेच. मग मी सांगायचं सोडून दिलं. पालथ्या घड्यावर पाणी किती ओतणार?

*

दुसरा बागल. दिघ्याचा, आमचा कॅप्टन, सहा फूट दोन इंच. मी सगळ्यांना खाण्याची डायरी लिहायला लावली होती. दिवसभर काय खाल्लं ते प्रामाणिकपणे लिहायचं. बाकीच्यांनी वडापाव, मिसळ, शेवपुरी असं खरं खरं लिहिलं आणि बोलणी खाल्ली. बागलची डायरी मात्र आदर्श! रोज सहा अंडी, पाव किलो चिकन, कोशिंबीर, ताक. मी सगळ्या टीमसमोर ती वाचून दाखवली. "शिका काहीतरी!" म्हणालो.

रात्री कॅलेंडर चाळताना लक्षात आलं, मधे संकष्टी होती. आणि हा पठ्ठ्या संकष्टीचा कडक उपास करतो, हे सगळ्या दिघ्याला माहीत आहे.

सकाळी पकडला. "काय रे, संकष्टीला चिकन?"

"छे छे सर! मी दिवसभर साबुदाण्यावर होतो."

"मग डायरीत चिकन कसं?"

"सर, उपास मी करतो. डायरीला कशाला उपाशी ठेवायची?"

*

आता हेमू. हेमंत कोळी, सारसोळ्याचा, एकशे बारा किलो. स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही टीमचे आठ-आठ जण डोकी खुपसून एकमेकांना ढकलतात ना, त्यात हा पहिल्या रांगेत असतो. हेमू उभा राहिला की पलीकडची रांग मागे सरकलीच म्हणून समजा. ताकदीला तोड नाही. पण पळणं म्हणजे त्याला शिक्षा वाटायची.

आणि नेमकं पळण्यावरच अडलं होतं. टीमचा नियम असा, की बाराशे मीटरची टेस्ट साडेपाच मिनिटांत पुरी करेल त्यालाच करार. मामांनी त्या टेपने मोजून प्लास्टिकचे कोन मांडायचे, पळणाऱ्याने आधी वीस मीटर जाऊन परत, मग चाळीस, मग साठ, असं पाच वेळा. सीझनभरात तीन संधी. करार झाला असता तर हेमूची तुर्भ्याच्या गोडाऊनमधली खोकी उचलायची नोकरी सुटली असती. नाही झाला तर रग्बी रविवारपुरती. तिशीला टेकलेल्याला पुढच्या वर्षी परत कोण विचारतो?

म्हणून मी हात धुऊन त्याच्या मागे लागलो होतो. कधी किती धावतो ते कळावं म्हणून त्याला जीपीएसची बंडी दिली आणि बजावलं, "सुट्टीच्या दिवशीसुद्धा काढायची नाही." सोमवारी लॅपटॉप उघडला आणि मी उडालोच. सुट्टीच्या दिवशी अकरा किलोमीटर!

"हेमू, तुला विश्रांती घ्यायला सांगितलं होतं ना?"

"सर, चुलतभावाची हळद होती. नाचायला नको?"

"बरं, नाचलास. पण हा मधेच एक स्प्रिंट दिसतोय. सबंध सीझनमधला तुझा सगळ्यात जास्त स्पीड! इथे मैदानावर काय होतं रे तुला?"

हेमूने मान खाली घातली. "सर, तवा कोनतरी वरडला, मटन संपत आलंय!"

*

बर्फाचा किस्सा तर माझ्या बायकोला पाठ आहे. जोरदार सराव झाला की पोरांना बर्फाच्या पाण्यात बसवायचं, पाय लवकर मोकळे होतात. बर्फवाला ऐन वेळी आलाच नाही. हेमू म्हणाला, "सर, टेन्शन नका घेऊ, आमच्या घरचा बर्फ आनतो." मीही बिनडोक, हो म्हणालो.

टेम्पोतून दोन क्रेट बर्फ आला. टब भरला, पोरं आत बसली. पाच मिनिटांत असा काही वास सुटला की मैदानातली सगळी मांजरं टबाभोवती गोळा झाली. बागल तर "सर, माझ्या पायाला काहीतरी लागतंय!" म्हणून किंचाळतच उठला. हात घातला तर दोन पापलेटं!

मी हेमूकडे बघितलं. हेमू काकुळतीला येऊन म्हणाला, "सर, बर्फ ठेवा. पापलेट तेवढी परत द्या, आईनं गिऱ्हाइकासाठी ठेवली व्हती."

*

आता शेवटचा. हा मी अजून कोणाला नीट सांगितलेला नाही.

हेमूची पहिली टेस्ट झाली पाच मिनिटं एकोणचाळीस सेकंदांत. नापास. दुसरी पाच छत्तीस. नापास. दोन्ही वेळा त्याचे वडील आले होते. आयुष्यभर खाडीत होडी घातलेला माणूस. मैदानाच्या कडेला बसून जाळं विणायचे, टेस्ट संपली की लेकाला डबा द्यायचे आणि मला हात जोडून निघून जायचे. बोलणं नाहीच.

तेवढी कसर मी भरून काढायचो. "सहा सेकंद! सहा सेकंद म्हणजे काय चेष्टा वाटली? साठवर पाय टेकवायच्या आधीच वळावंसं वाटतंय ना तुला? चालणार नाही! साठ म्हणजे साठ!"

तिसऱ्या टेस्टला सगळी टीम कडेला उभी होती. हेमू जीव तोडून पळाला. शेवटच्या साठला बागल त्याच्या बाजूने ओरडत पळत होता. मी घड्याळ दाबलं. पाच चौतीस.

हेमू गवतावर पालथा पडला, उठेचना. मला बघवत नव्हतं. पण नियम तो नियम. मी कागदावर तिसऱ्यांदा 'नापास' लिहिलं.

वडील जवळ आले. मला वाटलं, आता विनवण्या करतील. खांद्यावर नव्याकोऱ्या रस्सीचं भेंडोळं होतं.

"मास्तर," ते हळू आवाजात म्हणाले, "सकाली ही रस्सी घेतली. दुकानदार बोलला साठ मीटर हाय. घरी येवढी जागा नाय. तुमचे ते साठ हायेत ना, तिथं जरा सोडून बघू?"

मी म्हटलं, बघा की! त्यांनी पहिल्या कोनपासून रस्सी ओढत नेली. शेवटच्या कोनच्या चांगली अलीकडेच ती संपली.

"फसवलं तुम्हाला काका!" मी म्हणालो. "परत करा. साठ म्हणजे साठ पाहिजेत."

काकांनी रस्सी उचलली, दोन्ही हात पसरले आणि वाव मोजायला सुरुवात केली. एक वाव म्हणजे ह्या हाताच्या टोकापासून त्या हाताच्या टोकापर्यंत. एक, दोन, तीन... पस्तीस. "साठ मीटरचे माझे पस्तीस वाव. पन्नास वर्सं मोजतोय. रस्सी बराबर हाय."

सगळी टीम माझ्याकडे बघायला लागली. मला सणकून राग आला. म्हटलं थांबा, आत्ता दाखवतो! शेजारी टॉवरचं काम चालू आहे, तिथल्या सुपरवायझरकडून बागलला लोखंडी टेप आणायला पिटाळलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

बागलने एक टोक धरलं, दुसरं मी धरलं. एकसष्ट मीटर ऐंशी सेंटिमीटर.

परत मोजलं. तेवढंच. चाळीसचा कोन मोजला, वीसचा मोजला, सगळे लांब. मोरे मामांनी कापडी टेप हातात घेतली, तिच्याकडे पाहिलं, गोलपोस्टकडे पाहिलं आणि गुपचूप खोलीत निघून गेले.

मी मोबाईलवर हिशोब केला. हेमू आज पास होता. दुसऱ्या टेस्टला पास होता. अरे देवा, पहिल्यालाच एका सेकंदाने पास होता! आणि मी सीझनभर त्याला नको नको ते बोललो होतो.

हेमू उठून बसला. "सर, म्हंजे...?"

मी कागदावरचे तिन्ही 'नापास' खोडले. पोरांनी एकशे बारा किलोंचा हेमू उचलून डोक्यावर घेतला. मला मात्र वर बघवेना. हातातली शिट्टी कुठे ठेवू हेही सुचेना.

काका माझ्या शेजारी उभे राहून रस्सी गुंडाळत होते. माझा चेहरा बघून त्यांनाच वाईट वाटलं असावं. पाठीवर हात ठेवून म्हणाले,

"आसू द्या मास्तर. तुमच्या खेलान साठ जरा मोठंच असंल."